गळाला लागलेला नवरा

ताई, नमस्कार.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. मी नाशिकची, घरचं सगळं शाकाहारी. नवरा चिपळूणजवळचा, वाशिष्ठीच्या खाडीकाठी वाढलेला. लग्न ठरतानाच मी सांगितलं होतं की घरात मासे-मटण शिजणार नाही. त्याने ते निमूट मान्य केलं आणि आजपर्यंत पाळलं. बाहेर खातो, त्याला माझी ना नाही.

यंदा दसऱ्याच्या सुमारास आमच्यापासून दहा मिनिटांवर शिकार, कॅम्पिंग आणि मासेमारीच्या सामानाचं एक अवाढव्य दुकान उघडलं. उद्घाटनाला आम्ही चौघंही गेलो. आत धबधबा, पेंढा भरलेली अस्वलं, भिंतभर काचेची टाकी आणि तिच्यात हाताएवढाले मासे. नऊ वर्षांची मुलगी तिथून हलेना. नवरा तर हरवलाच. तेव्हापासून जवळजवळ दर शनिवारी 'जरा बघून येतो' म्हणून जातो आणि दुपार उलटल्यावर पिशवी घेऊन येतो. गॅरेजमध्ये आता रॉड आहेत, रीळ आहेत, कप्प्याकप्प्यांचा डबा आहे, छातीपर्यंत येणारी रबरी विजार आहे आणि पाण्यात मासे कुठे आहेत ते दाखवणारं यंत्रही आहे. सध्या बोटीची भाषा चालू आहे. गंमत म्हणजे अजून तो एकदाही मासे पकडायला गेलेला नाही! गेल्या महिन्यात मला त्या दुकानाच्या क्रेडिट कार्डाचं बिल सापडलं. कार्ड काढल्याचं मला माहीतच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, पॉइंट्स मिळतात.

रविवारी सकाळी मी मराठी शाळेत शिकवते, म्हणजे घरचा म्हणून शनिवार हाच एक दिवस. तेरा वर्षांचा मुलगा बाबाबरोबर गेला की बंदुकांच्या काउंटरपाशी उभा राहतो. मुलगी 'मला पण फिशिंगला जायचंय' म्हणून मागे लागलीय, आणि तिच्यासमोर जिवंत मासा तडफडणार या कल्पनेनेच मला कसंतरी होतं. आम्ही अजून एच-१बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. बोटीबिटीचे खर्च परवडणारे नाहीत. मैत्रिणी म्हणतात, दारू पीत नाही ना, मग जाऊ दे. मार्चमध्ये सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, ते तर मुलाचीच बाजू घेणार. हे खूळ उतरवायचं कसं?

– एक वाचक, टेक्सास

नमस्कार.

आधी माझं कूळ सांगून टाकते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. माझं माहेर मालवणचं. ताटात मासा नसला तर जेवण झालं असं आमच्याकडे कुणी धरत नसे. तेव्हा या सल्ल्याला थोडा तिरफळाचा वास येणार, तेवढा चालवून घ्या. तरी मी तुमच्या नवऱ्याच्या पार्टीची आहे असं समजू नका. एका बाबतीत मी त्याच्यावर तुमच्याहून जास्त चिडलेय. त्याकडे येतेच.

'गंमत म्हणजे अजून एकदाही गेलेला नाही' असं लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. सगळी गोम तिथेच आहे. नवऱ्याला मासेमारीचं खूळ लागलंय असं तुम्हाला वाटतंय. मला दिसतंय ते दुकानाचं. मासेमारीचं लागलं असतं तर गॅरेजच्या दाराशी चिखलाने माखलेले बूट दिसले असते, गाडीत वास राहिला असता आणि तुमचं पत्र निराळंच झालं असतं.

अर्थात ही दुकानं बांधलेलीच तशी असतात. तुम्ही दुकानाचं नाव लिहिलंय, ते मी छापत नाही. पण या धंद्याचा घाट बघा. यातलं सगळ्यात मोठं नाव बास प्रो शॉप्स. जॉनी मॉरिस या तरुणाने १९७२ साली मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला, वडिलांच्या दारूच्या दुकानात मागच्या बाजूला, ८ चौरस फुटांत गळ आणि आमिषं विकायला मांडली. आज त्यांचं मेम्फिसचं दुकान एका प्रचंड पिरॅमिडमध्ये आहे. २०१५ साली ते उघडलं, आत सायप्रस झाडांची दलदल उभी केलीय, मगरी आहेत आणि राहायला हॉटेलसुद्धा! दुसरं नाव कबेलाज. नेब्रास्काच्या डिक कबेलाने १९६१ साली पिसं आणि दोरे गुंडाळून केलेल्या, गळाला लावायच्या खोट्या माश्या विकायला काढल्या. 'डझनभर माश्या एका डॉलरला' अशी जाहिरात दिली, तर एकच गिऱ्हाईक आलं. मग त्याने जाहिरात बदलली: पाच माश्या फुकट, टपालखर्चाचे फक्त २५ सेंट पाठवा. त्यावर ऑर्डरींची रीघ लागली. आमिष कुणासाठी बनवायचं असतं हे त्या माणसाला तिथेच कळलं असणार. २०१७ साली बास प्रोने कबेलाजच विकत घेतलं.

तुमच्या नवऱ्याचा शनिवार आता असा बघा. टाकीतले मासे बघून झाले. धबधब्याचा आवाज ऐकून झाला. हातात रॉड धरून, मनगट हलवून, टोक किती लवतं ते बघून झालं. टोपीवाल्या एका अनोळखी काकांशी कुठल्या तळ्यात सध्या काय लागतंय यावर गप्पा झाल्या. रबरी बेडूक, चकचकीत पत्र्याचे मासे, जांभळ्या रंगाची प्लास्टिकची गांडुळं यांच्या भिंतीसमोरून दोन फेऱ्या झाल्या. (जांभळं गांडूळ पाहून मासा काय म्हणत असेल देव जाणे, माणूस मात्र पाकीट काढतो.) म्हणजे मासेमारीतलं सगळं उरकलं, पहाटे उठणं, डास आणि रिकाम्या हाताने परत येणं तेवढं टळलं.

मग तो पाण्यावर जात का नाही? माझा कयास सांगते, चुकत असेल तर तोच सांगेल. खाडीकाठच्या पोराला रॉड माहीत नसतो. नायलॉनचा दोरा रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला, टोकाला गरी, वर शिशाचा तुकडा, आमिषाला कोळंबी. धक्क्यावर बसायचं, बाटली मांडीत, दोरा तर्जनीवरून पाण्यात सोडलेला. मासा टोचायला लागला की आधी बोटाला कळतं, आणि शिंगाळा आहे की तांबोशी हेसुद्धा बोटच सांगतं. कधी जायचं ते भरती-ओहोटी ठरवते, कुठे बसायचं ते गावातली मोठी पोरं सांगतात. असा मुलगा टेक्सासला आला. इथली तळी म्हणजे जवळजवळ सगळी धरणांची साठवण. पाणी उभं. ना भरती ना ओहोटी. काठावर पिकअप ट्रक लावून उभी असलेली माणसं लहानपणापासून हेच करत आलेली. तिथे चाळिशीच्या आसपासच्या इंजिनिअरला सगळ्यांदेखत दोऱ्याचा गुंता सोडवत बसायची लाज वाटते. दुकानात तसं काही होत नाही. तिथे कार्ड घासलं की तुम्ही जाणकार.

हे मी त्याची कीव करा म्हणून सांगत नाही. पण तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावरून तुम्ही भर्रकन पुढे गेलात. वाशिष्ठीकाठच्या माणसाने घरात मासा शिजवायचा नाही हे मान्य केलं आणि इतकी वर्षं कुरकुर न करता पाळलं. आमच्याकडची माणसं श्रावणाचा एक महिना कशीबशी काढतात. त्याचं हे पाळणं साधं नाही. आता त्याला खायला नकोय, नुसता दोरा पाण्यात सोडून बसायचंय, तर त्याला 'खूळ' म्हणण्याआधी थोडं थांबा.

आता ज्यावर चिडलेय ते. न सांगता काढलेलं कार्ड. रॉड कितीचा, यंत्र कितीचं, हे माझ्या लेखी दुय्यम. दोघांच्या संसारात एकाने गुपचूप उधारीचं खातं उघडलं आणि विचारल्यावर 'पॉइंट्स मिळतात' म्हणून उडवून लावलं, ही थट्टेवारी न्यायची बाब नाही. आणि मैत्रिणींचं 'दारू पीत नाही ना' हे तर मला मुळीच पटत नाही. नवऱ्याला जोखायचं माप इतकं खाली धरलं तर कुणीही पास होईल. पॉइंट्सचं म्हणाल तर बिल दर महिन्याला पुरतं फेडलं नाही की व्याज ते पॉइंट्स गिळून वर ढेकर देतं.

तेव्हा त्याच्याशी दोन वेगळी बोलणी करा, दोन वेगळ्या दिवशी. एक पैशांचं. मुलं झोपल्यावर, बिल टेबलावर ठेवून. आत्तापर्यंत किती गेले, किती बाकी आहे, कार्ड ठेवायचं की बंद करायचं. यात मासा, नाशिक, चिपळूण, तुझे बाबा यातलं काही येऊ द्यायचं नाही. शेवटी दोघांच्या नावे महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढा, जिचा हिशेब कुणी कुणाला विचारणार नाही. हो, दोघांच्या. तुमच्याही नावे तेवढीच. पत्रात तुमच्या स्वतःच्या हौसेबद्दल चकार शब्द नाही, ते मला खटकलं. शनिवार त्याच्या दुकानात गेला, रविवार मराठी शाळेत. तुमचं काय?

दुसरं बोलणं पाण्याचं. ते मात्र हसतखेळत करा. वाक्य मी देते: "या शनिवारी दुकान नाही. मुलांना घेऊन तळ्यावर जा, मला दुपारी दोनपर्यंत फोन करू नका." एवढंच. तुम्ही बरोबर जायची काही गरज नाही. कंटाळा येत असेल तर घरी पाय पसरून बसा.

कुठे जायचं याचा बहाणा त्याला उरणार नाही. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे सरकारी खातं शहरांतल्या बागांमधल्या तळ्यांत मासे आणून सोडतं. उन्हाळ्यात कॅटफिश, थंडीत रेनबो ट्राउट. तुमच्या आसपास असं एखादं तळं नक्की असेल, पार्किंग, बाकं, स्वच्छतागृह सगळं असलेलं. काठावर मेक्सिकन, व्हिएतनामी कुटुंबं खुर्च्या-डबे घेऊन बसलेली दिसतील. तुमचा नवरा तिथे अजिबात वेगळा वाटणार नाही. बरेच नवशिके असतात. कुणी ना कुणी येऊन गुंता सोडवून देतं.

सामान? गॅरेजमधलं निम्मं तिथेच राहू दे. रबरी विजार, म्हणजे वेडर्स, ही गार पाण्याच्या वाहत्या नद्यांत उतरायला असते. बागेतल्या तळ्याकाठी ती घालून उभा राहिला तर पोरंच लांब जाऊन बसतील. मासे दाखवणारं यंत्र मुळात बोटीला लावायचं. म्हणून तर बोटीची भाषा सुरू झाली! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मुलांसाठी बटणवाला साधा रॉड-रीळचा जोड तीसेक डॉलरला मिळतो. अंगठ्याने बटण दाबून धरायचं, रॉड मागे नेऊन पुढे फेकायचा, फेकता फेकता अंगठा सोडायचा. गळाऐवजी प्लास्टिकचं वजन बांधून अंगणात मुलगी तासाभरात शिकेल. ही रिळं तुमच्या शेजारच्या राज्यातली, ओक्लाहोमातल्या टल्साची. तिथली एक कंपनी तेलविहिरींसाठी वेळेवर फुटणारे बॉम्ब बनवायची, तिचं नाव झिरो अवर बॉम्ब कंपनी. आर. डी. हल नावाच्या घड्याळजीने वाण्याच्या दुकानात पुडा बांधायची सुतळी रिळावरून सुटताना पाहिली आणि त्यावरून न गुंतणाऱ्या रिळाची कल्पना काढली. कंपनीच्या नावातली अक्षरं जोडून रिळाचं नाव पडलं झेबको. मुलाला ही गोष्ट सांगा, त्याला आवडेल.

विकत काहीच घ्यायचं नसेल तर टेक्सासच्या काही स्टेट पार्कांत रॉड, रीळ आणि डबा काही दिवसांसाठी उसना मिळतो. शिवाय स्टेट पार्कात काठावरून मासे पकडायला लायसन्स लागत नाही, फक्त पार्काचं प्रवेशशुल्क. बाहेर, बागेच्या तळ्यावरसुद्धा, १७ वर्षं आणि त्यावरच्या जवळजवळ प्रत्येकाला लायसन्स लागतं, मुलांना नको. हे हसण्यावारी नेऊ नका. इथल्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकार-मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, पोलिसाइतकेच अधिकार असतात, आणि ग्रीन कार्डच्या अर्जात चलानांबद्दलही विचारतात. काही डॉलर वाचवायला जाऊन वकिलाला फी द्यायची वेळ यायला नको. लायसन्ससाठी व्हिसा आड येत नाही. टेक्सासात सहा महिन्यांहून जास्त राहिलात की तुम्ही रहिवासी, आणि रहिवाशांचाच कमी दर लागतो.

आणि एक गोष्ट नवऱ्याला पटवायला उपयोगी पडेल. अमेरिकेत मासेमारीच्या सामानावर केंद्र सरकारचा कर आहे, बहुतेक वस्तूंवर १० टक्के. १९५० च्या कायद्याने तो राज्यांना परत मिळतो, मासे वाढवायला, तळी सांभाळायला, काठावर धक्के बांधायला. कर कारखानदार भरतो आणि अर्थात किमतीत मिळवतो. म्हणजे तुमच्या गॅरेजमधल्या त्या ढिगाऱ्यातले काही डॉलर एव्हाना तळ्यात मासे होऊन पोहत असतील. ते वसूल करायला तरी त्याने जावं!

आता मुलगी आणि तडफडणारा मासा. यात मी गोड बोलणार नाही. 'पकडा आणि सोडून द्या' ही पद्धत इकडे फार चालते आणि शाकाहारी घरांना ती सोयीची वाटते. पण गळ लागतो तेव्हा माशाला काही होत नाही असं मुलीला सांगू नका. होतं. ते कमी करता येतं. गळाच्या टोकाजवळ उलटा दात असतो, तो पक्कडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ सहज निघतो. हात आधी पाण्यात ओले करायचे, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतात. फोटोसाठी हवेत धरून उभं राहायचं नाही. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता दोरा कापायचा.

हिवाळ्यातल्या ट्राउटची भानगड मात्र वेगळी. तो गार पाण्याचा मासा. टेक्सासचा उन्हाळा त्याला सोसत नाही, पाणी तापलं की तो मरतो. सरकार त्याला सोडतं तेच लोकांनी पकडून न्यावा म्हणून. त्याला परत सोडून पुण्य मिळेल असं वाटत असेल तर तसं काही नाही, दोन-तीन महिन्यांची मुदतवाढ तेवढी. त्यामुळे ट्राउट धरला तर तो कुणीतरी खावा हे बरं. तुमच्या स्वयंपाकघरात आणायला मी सांगणार नाही, तो तुमचा आणि त्याचा करार आहे. शेजारी द्या, किंवा नवऱ्याला परसातल्या ग्रिलवर, स्वतःच्या तव्यावर, स्वतः साफ करून भाजू द्या. भांडी त्यानेच घासायची, हे काय सांगायला हवं! तुम्हाला तेही नको असेल तर उन्हाळ्यापर्यंत थांबा. तेव्हा तळहाताएवढे सनफिश येतात, ते परत सोडले तर मजेत जगतात, आणि मुलांच्या गळाला तेच पटापट लागतात. बास या माशाचं म्हणाल तर १४ इंचांहून लहान सहसा ठेवताच येत नाही, दिवसाला पाचच्या वर नाही. तळ्यागणिक नियम बदलतात, काठावरची पाटी वाचायची.

मुलीला आधीच सगळं सांगा आणि तिलाच ठरवू द्या. नऊ वर्षांच्या मुलांना हे प्रश्न आपल्यापेक्षा सरळ पडतात. ती एकदा जाऊन 'मला नाही आवडलं' म्हणून परत येईल, किंवा दर आठवड्याला जाईन म्हणेल. दोन्हीची तयारी ठेवा. आणि एक दिलासा: आमिषाला गांडूळच लागतं असं नाही. दुकानात गांडुळांचे डबे फ्रिजमध्ये ठेवलेले असतात, आणि घरी आणले की तेही फ्रिजमध्येच ठेवायचे असतात, दह्याशेजारी! त्यापेक्षा डब्यातले मक्याचे दाणे. ट्राउट ते आवडीने खातो, सनफिशला पावाच्या गोळ्याही चालतात. इतकं शाकाहारी तर इकडचं सांबारसुद्धा नसतं.

बंदुकांच्या बाबतीत मात्र लाडीगोडी नको. तेरा वर्षांच्या मुलाने काउंटरपाशी उभं राहणं हे वयाला धरूनच आहे, त्यावर ओरडलात तर ओढ वाढेल. पण बापाने त्याला स्पष्ट सांगायला हवं, आणि बापालाही हे माहीत हवं, की एच-१बी किंवा एच-४ सारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या लायसन्सचा एक अपवाद आहे, दुकानात कुणीतरी तो उत्साहाने सांगेलही. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या कुटुंबाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. जायचंच असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे. आणि मुलगा ज्या मित्रांकडे राहायला जातो त्यांच्या आईबाबांना विचारा, घरात बंदूक आहे का, कुलपात असते का. टेक्सासात हे विचारणं उद्धटपणा धरत नाहीत. धरलं तर धरू देत.

बोटीवर मी फार शब्द घालवणार नाही. त्याला सोसायटीची, म्हणजे एचओएची नियमावली वाचायला द्या. उत्तर टेक्सासच्या नव्या वसाहतींत घरासमोर ट्रेलर लावायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, म्हणजे बोटीला महिन्याच्या भाड्याची वेगळी जागा, शिवाय नोंदणी, विमा, ओढायला दणकट गाडी. पाण्यावर जायचीच हौस असेल तर कितीतरी तळ्यांवर कयाक तासाच्या भाड्याने मिळते. एक पूर्ण उन्हाळा भाड्याच्या कयाकवर काढला की मग बोटीचा विषय काढ, असं सांगा.

राहिले सासरे. ते मुलाची बाजू घेतील असं तुम्ही गृहीत धरलंय. मला उलट वाटतं. ज्याने आयुष्यभर खाडीवर माणसं बघितली आहेत तो गॅरेजमधला पसारा बघून काय बोलेल ते तुमच्या नवऱ्याला झोंबणारं असेल. आणि ते येतायत अगदी वेळेवर. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तुमच्याकडे व्हाइट बास, ज्याला तिथले लोक सँड बास म्हणतात, तलावांतून उलटा नद्यांमध्ये चढतो, अंडी घालायला. ट्रिनिटी नदीच्या एल्म फोर्कसारख्या फाट्यांवर तेव्हा लोक काठावरूनच रॉड टाकून बसतात, बोटबीट काही लागत नाही. हे सासऱ्यांना इंग्रजीत समजवायची गरजच नाही. मृगाच्या पहिल्या दणक्यात मासे पऱ्ह्यांत आणि शेतांत चढतात, ती वलगण त्यांनी जन्मभर पाहिलीय. सहा महिने परक्या गावात घरात बसून कंटाळलेल्या म्हाताऱ्या माणसाला याहून बरं काय मिळणार? स्टेट पार्कात काठावर बसले तर त्यांनाही लायसन्स नको. बाहेर जायचं तर परराज्यातल्या पाहुण्यांसाठी एका दिवसाचं मिळतं. नातवाला बरोबर पाठवा. बंदुकांच्या काउंटरपेक्षा आजोबांचं बोट काय सांगतंय ते बघण्यात त्याचा शनिवार बरा जाईल.

आणि हो, मासे दाखवणारं ते यंत्र खोक्यातून काढलं नसेल तर आजच पावती शोधा. अशा दुकानांत माल परत घ्यायला मुदत असते. लायसन्सही त्याच दुकानात, काउंटरवर काढून मिळतं. म्हणजे नवऱ्याला तिथे आणखी एकदा जाऊ द्यायला हरकत नाही: यंत्र परत करायचं, लायसन्स घ्यायचं, मुलीसाठी बटणवाला रॉड घ्यायचा. जाताना मुलीला बरोबर द्या आणि यादी तिच्याच हातात द्या. मासे असलेल्या टाकीसमोर थांबायला तिला दहा मिनिटं, त्याला नाही.